पाण्याचा दिवस

आमच्या गल्लीत नळ पाचव्या दिवशी येतो,
तोही पहाटे साडेतीनला, चोरासारखा.
आधी तोटीतून नुसती हवा शिट्टी मारते,
मग दारोदार पिंपं सरकल्याचा आवाज.
त्याच वेळी मी केस सोडते.

एरवी बोअरचं पाणी. साबण फुटत नाही त्यात.
बादलीला आतून पांढरा थर धरतो,
तसाच माझ्या डोक्यावरही धरायचा
आणि मला वाटायचं, दोष केसांचाच.

राठ. शाळेत काथ्या म्हणायचे.
मामी म्हणायची, ह्यानं भांडी निघतील गं घासून.
नवी पेठेतल्या पार्लरवालीनं एक बट चिमटीत धरली,
दुकानात कापडाचा पोत बघतात तशी,
म्हणाली, सरळ करून टाकू, साडेचार हजार.
साडेचार हजार म्हणजे किती टॉवेलांच्या घड्या,
मी रिक्षात मोजत आले.
अशोक चौक आला, हिशोब संपला नाही.

नान्नांचा माग भंगारात गेल्याला अकरा वर्षं झाली.
हात अजून रिकामे बसत नाहीत,
सुतळी दिसली की गाठ सोडवतात.
त्या रात्री मी फणी ओढत होते, मुळापासून, रागानं.
एक दात मोडला, तसे म्हणाले,
"कोरडं सूत ओढतेस होय? तुटणारच की.
आधी खळ लाव. मग ओलं असताना, टोकाकडून."

खळ म्हणजे जवस.
मंगळवार बाजारातून पाव किलो,
दोन चमचे उकळायचे तार येईस्तोवर
आणि गरम असतानाच गाळायचे.
थंड केलं तर फडक्यातून उतरत नाही,
पहिल्यांदा सगळं मोरीत गेलं.
एकदा अंडंही लावून बघितलं,
दोन दिवस मांजर माझ्या मागे.

आता असं बसलंय:
नळाच्या आदल्या रात्री करडईचं तेल,
तळहात चमकेल एवढंच.
पहाटे शाम्पू फक्त कातडीला,
टोकांना जे ओघळेल ते पुरे.
मग जवस, मग रुंद दातांची फणी,
खालून वर, बोटभर बोटभर.
टॉवेल नाही.
दिवसभर मी टॉवेलच मोजते, बारा-बाराचे गठ्ठे,
पण माझ्या डोक्याला नान्नांचं जुनं धोतर,
धुऊन धुऊन साय झालेलं.
आणि उजाडायच्या आत सैल वेणी,
कारण एप्रिलात इथलं ऊन
ओलं काही शिल्लक ठेवत नाही.

कारखान्यात रुमाल बांधते. सुताची पिंज बसते नाहीतर,
दुपारपर्यंत सगळ्याच म्हाताऱ्या.
शेजारच्या टेबलावरची मल्लव्वा विचारते,
काय लावतीस गं?
मी म्हणते, नळाचं पाणी.
ती हसते. तिच्याकडे सहाव्या दिवशी येतं.

एकदा नान्नांनी फणीतला एक केस उचलला,
दोन बोटांत फिरवला, ताणला, उजेडाकडे धरला.
"दहा नंबर," म्हणाले.
"साडीला नाही चालायचा. चादरीला हाच लागतो."
आणि चष्मा पुसत बसले.

गेल्या महिन्यात पाइपलाइन फुटली.
पाचवा दिवस गेला, सातवा गेला.
टँकरपुढे भांडणं, अम्माचा आवाज बसलेला.
केसांचा विषय काढायची लाज वाटावी असे दिवस.
आठव्या रात्री मी बोअरचीच बादली भरली,
तर कोपऱ्यातून ताटली सरकल्याचा आवाज.
कोठीमागे एक कळशी, वर ओलं फडकं.
मागच्या नळाची.

"पिण्याचं आहे ते!" अम्मा आतून ओरडली.
"अर्धं," नान्ना म्हणाले,
आणि तांब्या शोधायला लागले.